दातांनी फोडलेलं पाकीट

रॅम्पच्या पायऱ्यांपाशी रांगेत उभ्या असलेल्या शरयूला स्वतःच्याच झग्याचा संशय आला. चिवड्याच्या पाकिटांचा झगा, आणि तेलाचा एक डाग नाही! शिवाय प्रत्येक पाकीट कात्रीने सरळ कापलेलं. गावात चिवडा कात्रीने फोडतं कोण? सगळे दातांनी फाडतात.

पाकिटं दिली होती बेंद्रेकाकांनी, स्वतःच्या दुकानातली. या स्पर्धेत ज्या दुकानाच्या कचऱ्याचा झगा जिंकेल, त्याचा गाळा राहणार होता. बाकीचे पाडणार होते.

तिने हळूच झग्याच्या घेराला फोन टेकवला. हल्ली प्रत्येक पाकीट लक्षात ठेवतं, आपल्याला कुणी फोडलं. पहिलं म्हणालं, "सदाशिव बेंद्रे." दुसरंही तेच. तिसरंही.

"काका, एवढा चिवडा एकट्याने हाणलात?"

"हळू बोल गं बाई!" रांगेशेजारी उभ्या काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "गाईंना घातला. गिऱ्हाईकच येत नाही, तर कचरा आणू कुठून?"

वर परीक्षकांचं यंत्र एकेक झगा वाचत होतं. खोटा कचरा सापडला की दुकान बाद.

"एखादं न फोडलेलं आहे?"

काकांच्या पिशवीत निघालं. शरयूने ते दातांनी टरकावलं, रांगेतल्या पोरींना मूठमूठ वाटलं आणि गणवेशावर चढवलेला झगा भराभरा उतरवला.

नाव पुकारलं तेव्हा ती गणवेशातच वर गेली. छातीवर पिनेने टाचलेलं एकच तेलकट पाकीट, तोंडात गाल फुगेपर्यंत चिवडा. यंत्र तिच्याभोवती दोनदा फिरलं. मग पाकीट बोललं, "शरयू तेली."

खालून कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, तो चिवडा मिळतो कुठे?"