ओली कणीक

पायरीवर चपला. वाळत टाकलेलं जाळं. समईची काजळी. वाटीत भिजवलेली कणीक.

कणीक पखवाजासाठी होती. डाव्या तोंडावर ती थापल्याशिवाय आवाज भरत नाही. देवळातल्या सप्त्याची दुपार होती. काशीराम कणीक थापत होता तोच आप्पाबुवा शेजारी टेकले.

“काशा, तुझ्या मैनावहिनीला आज रडव. बाबल्याची होडी बुडाल्यापासून डोळ्यांतून टिपूस नाही, पोटात धड शीत नाही. अशी जगायची नाही ती.”

“दादासारखा हात नाही माझा, बुवा.”

“मग दादाला आठवून वाजव.”

काशीरामने डोळे मिटले. पखवाज असा घुमला की टाळकरी टाळ विसरले, बुवांचा सूर कापला. बायकांच्या बाजूने हंबरडा आला. मैना रडत होती.

भजन संपल्यावर ती देवाच्या पाया पडायला उठली. निळ्या लुगड्यावर, ऐन पाठीवर, ओल्या कणकेचा पंजा उमटला होता. बोटं खाली ओढत गेलेली. काशीरामच्या हातापेक्षा पंजा मोठा होता.

मैना वळली आणि हळूच म्हणाली, “भावजी, मघाशी मला कोण थोपटत होतं?”

भजनभर ती भिंतीला पाठ टेकून बसली होती.