पहिला घोट

प्याला हातात धरून तिमथी साळवी उभे होते आणि अख्ख्या चर्चमध्ये कुणी जागचं हलत नव्हतं. भाकर सगळ्यांनी मुकाट घेतली होती. भाकरीचा तुकडा ज्याचा त्याला वेगळा मिळतो. प्रभुभोजनाचा प्याला मात्र एकच, आणि सगळ्यांचे ओठ त्याच्याच काठाला. दुसऱ्या रांगेत चिमा बसली होती. तिच्या पुढची आणि मागची बाकं रिकामी होती.

चिमाचा नवरा मुंबईला हॉटेलात कामाला होता. नव्या कोकण रेल्वेनं त्याला शेवटचं घरी आणलं, तेव्हा त्याच्या अंगावर नुसती कातडी उरली होती. तो एड्सनं गेला, हे भाट्याच्या पुलापासून बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. मग चिमानंही तपासून घेतलं आणि तिलाही तेच निघालं. बरं, गप्प बसावं की नाही? ही वेडी प्रार्थनासभेत उभी राहिली आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाली. लोकांनी प्रार्थना केली आणि बाकं बदलली.

साळवी या मंडळीचे पाळक. कालपरवापर्यंत लोक त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होते. असा पाळक रत्नागिरीला पुन्हा मिळायचा नाही म्हणत होते, पायरी आंब्याची पहिली पेटी त्यांच्या दारात आणून ठेवत होते. चिमाच्या नवऱ्याचं प्रेत धुवायला कुणी पुढं येईना, तेव्हा साळवींनी बाह्या वर करून ते स्वतः धुतलं. झालं! त्या दिवसापासून पाळकाला मिरवायची हौस आहे, असं लोक म्हणू लागले. पाळकबंगल्याची कौलं गळत होती आणि पंचकमिटीला शिडी सापडत नव्हती.

साळवींनी डॉक्टरांना बोलावून चर्चमध्ये सगळं समजावून सांगायला लावलं होतं. एका ताटात जेवून, एका प्याल्यातून पिऊन हा आजार होत नाही. लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि आणलेली भीती तशीच घरी नेली. मग कमिटीचे थोरले पंच दादूमास्तर तोडगा घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. चिमाला सगळ्यांच्या शेवटी द्या, म्हणाले. तिच्यानंतर उरलेलं तुम्हीच संपवता, म्हणजे कुणाची तक्रारच नाही. आणि नाही ऐकलंत, तर वरच्या ऑफिसात कळवावं लागेल, बंगला सोडावा लागेल.

पण या मंडळीची जुनी रीत होती. वर्षात ज्या घरी मयत झाली, त्या घरच्या माणसानं प्याल्याला आधी यायचं. दादूमास्तरांची बायको गेली त्या साली ते स्वतः आधी आले होते, आणि ढसाढसा रडले होते.

"चिमा, ये," साळवी म्हणाले.

ती आली. गुडघे टेकले, पण मान वर करीना. "मला मागाहून चालेल ओ, साहेब," ती पुटपुटली. "माझ्यापायी तुमचं घर नको जायला."

"ज्या घरी मयत झाली, ते घर आधी," साळवी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि प्याला तिच्या ओठांना लावला.

बाकं करकरली. माणसं उठली ती दाराकडे. दादूमास्तर थोडा वेळ खाली बघत बसले, मग तेही गेले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं साळवींची बायको सुवार्ता उठली. डोक्यावर पदर घेऊन ताठ चालत आली आणि चिमाच्या शेजारी गुडघे टेकून चांगला मोठा घोट घेतला. तिच्यामागून दोन म्हाताऱ्या आल्या. बाकी कुणी नाही. उरलेलं साळवींनी नेहमीसारखं तळापर्यंत संपवलं.

बाहेर एका म्हातारीनं त्यांचे हात डोळ्यांना लावले, तुम्ही खरे मेंढपाळ म्हणाली. फाटकाशी दादूमास्तरांनी ऑफिसात कळवतोय म्हणून सांगितलं. साळवींनी दोघांचंही सारख्याच तोंडानं ऐकून घेतलं. स्तुतीनं फुगायचं नाही आणि शिव्यांनी खचायचं नाही, हे ते आयुष्यभर शिकवत आले होते.

घरी आल्यावर अंगातला झगाही न काढता ते तडक स्वयंपाकघरात गेले. फळीवर मिठाची बरणी नव्हती. डब्यांच्या मागं हात घालून पाहिलं, तिथंही नव्हती. प्याल्यानं काही होत नाही, हे त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं. डॉक्टरांना त्यांनी हे दोनदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा एकटं गाठून. पण चिमाच्या ओठाला चीर पडलेली त्यांनी आज जवळून पाहिली होती, आणि तेव्हापासून त्यांना थुंकी गिळवत नव्हती. मंडळीला भित्री म्हणणारा माणूस फळीवर मीठ चाचपत होता. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

मोरीतून पाण्याचा आवाज आला म्हणून ते तिकडे गेले. सुवार्ता वाकून गुळण्या करत होती. तांब्या हातात, बरणी शेजारी. चाहूल लागताच ती दचकून वळली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांची नजर बरणीवर खिळलेली पाहिली.

तिनं पदरानं तोंड पुसलं, थोडी बाजूला सरकली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

"पुढच्या महिन्यात पण तिलाच आधी द्या," ती म्हणाली. "मी उठेन. मीठ आता इथं मोरीतच ठेवते."