राजाशी इमान

"म्हण आणि मोकळी हो," मेन्ना पुन्हा एकदा म्हणाली.

"नाही म्हणणार, मिस," तेगवेन म्हणाली.

मेन्नाने कपाळाला हात लावला. उत्तर वेल्सच्या त्या खेड्यात ती कितीतरी वर्षं शाळा चालवत होती. पाऊस, मेंढ्या आणि हट्टी पोरं, तिन्ही तिच्या अंगवळणी पडली होती. पण ही पोर म्हणजे कहर होता.

लंडनच्या सरकारने नवा नियम काढला होता. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाने राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची, सरकारी माणसासमोर आणि मोठ्याने. शपथ नाही तर दाखला नाही. बाकीच्या पोरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. म्हणा म्हटलं की म्हणू, चहा कधी आहे ते सांगा, असा त्यांचा हिशेब.

तेगवेनचं तसं नव्हतं. आणि दाखल्याची खरी गरज तिलाच होती. त्याच्याशिवाय बँगॉरच्या नर्सिंग कॉलेजात तिला दारातही उभं केलं नसतं. गावात कोणाला भाजलं, कापलं, की डॉक्टरच्या आधी तिला हाक जायची. अशा पोरीने एका वाक्यापायी जन्मभर मेंढ्या हाकायच्या, या विचाराने मेन्नाचा जीव तुटत होता.

"राजाने मला पाहिलं नाही, मी त्याला पाहिलं नाही," तेगवेन म्हणाली. "खोटं इमान कशाला वाहू? खोटं बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मिळाला घरचा आहेर.  मेन्नाला नियमाचा संताप येत होताच, आणि त्याहून जास्त या पोरीचा. लंडनवाल्यांचं काय जातं? नियम काढून ते मोकळे, इथे पोरींच्या विनवण्या करायच्या तिने. तेगवेनच्या बापाकडेही ती जाऊन आली होती. मेंढ्या माझं ऐकतात, ही ऐकत नाही, एवढं सांगून त्याने दार लावून घेतलं होतं.

शेवटी तोडगा सुचला तो असाच, वैतागाच्या भरात. शपथ इंग्रजीऐवजी वेल्शमध्ये घेण्याची मुभा होती. वेल्शमध्ये राजाला म्हणतात ब्रेनिन आणि डोंगरांना म्हणतात ब्रन्या.

"डोंगरांशी तरी इमान आहे ना तुझं?" मेन्नाने विचारलं.

तेगवेनने खिडकीबाहेर पाहिलं. "त्यांच्याशी आहे."

"मग त्यांची शपथ घे. पण जरा पुटपुट, बाई माझे."

"पुटपुटणार नाही, मिस. खरं आहे ते मोठ्यानेच म्हणेन."

पकडलं गेलं तर पोरीचा दाखला जाणार होता, आणि बहुधा मेन्नाची नोकरीही. देवाने हिला जीभ दिली आणि अक्कल वाटायला विसरला, असं पुटपुटत मेन्ना घरी गेली.

शपथेच्या दिवशी लंडनहून फॅनशॉ नावाचे साहेब आले. लालबुंद चेहरा, सुटलेलं पोट, चिखलाने माखलेले बूट. दारातच त्यांनी वेल्शमध्ये 'सुप्रभात' म्हणायचा प्रयत्न केला. तो इतका वाकडा होता की पोरांना हसू आवरेना. वेल्श शपथा ऐकायला सरकारने वेल्श न येणारा माणूस पाठवला होता. एवढी अक्कल असती तर मुळात हा नियमच निघाला नसता.

मग सगळ्यांनाच चेव आला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मॉरविदने साहेबांसमोर खुर्ची सरकवली आणि गोड हसून वेल्शमध्ये म्हणाली, "बस रे बाबा, जपून बस. राजाच्या ताटातलं उरलंसुरलं तुलाच वाढतात वाटतं." साहेबांनी मान लववून आभार मानले. मागच्या बाकांवर बसलेले गावकरी पोट धरून हसू लागले.

"पुरे आता," मेन्ना दबक्या आवाजात वेल्शमध्येच म्हणाली. "बैल आहे, पण सही त्याच्या हातात आहे."

पोरं एकेक करून शपथ घेऊन गेली. तेगवेन उठली. ताठ उभी राहिली, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी ब्रन्याशी आयुष्यभर एकनिष्ठ राहीन."

मागचं हसणं बंद पडलं. साहेबांचं पेन कागदावर थांबलं.

"पुन्हा म्हणशील का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तिला सर्दी झाली आहे, असं मेन्ना सांगू लागली. पण तेगवेनने तेवढ्यात सगळं वाक्य पुन्हा म्हणून टाकलं, पहिल्यापेक्षा स्पष्ट.  गेलं सगळं, मेन्नाला वाटलं. त्या क्षणी ती पोरीच्या कानाखाली वाजवू शकली असती.

साहेबांनी मान डोलावली. उच्चार फार छान आहेत, असं इंग्रजीत म्हणाले आणि दाखल्यावर सही केली. तेगवेनने दाखला घेतला. तो तिने छातीशी घट्ट धरला, आणि ते पाहून मेन्नाचा सगळा राग ओसरला.

मग चहा झाला. मनुकांचा पाव आला. मॉरविदने मेन्नाच्या हातात बशी दिली आणि वेल्शमध्ये म्हणाली, "तुझ्या बैलाला अजून एक तुकडा चार, म्हणजे जाईल."

मेन्नाने हसत बशी पुढे केली. साहेबांनी बॅग बंद केली, ओठांवरचा लोण्याचा डाग पुसला, आणि शेजारच्या खोऱ्यातल्या हेलात, अस्सल वेल्शमध्ये म्हणाले, "नको बाई, पोट भरलं. काल पलीकडच्या गावात पोरांनी राजाऐवजी ब्राइनशी इमान वाहिलं. त्या कावळ्यांपेक्षा तुमचे डोंगर पुष्कळ बरे."