आमच्यातली

“आमच्—” एवढं सासूबाईंच्या तोंडून निघालं आणि सुनेला जोराचा खोकला आला.

दारात शेजारीण उभी होती. पांढरा दोरा मागायला आलेय, असं ती म्हणत होती. खोकला थांबेपर्यंत सासूबाईंनी वाक्य सावरलं. “आपल्याकडे पांढरा संपलाय. काळा चालेल?”

शेजारणीला काळाही चालला. “हिला काढाबिढा द्या हो,” जाता जाता ती म्हणाली. “वर्ष झालं, खोकतेच आहे.”

‘आम्ही’ या शब्दावर बंदी येऊनही वर्षच झालं होतं. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, आणि देशात कुणीच बाहेर राहता कामा नये, असं सरकारचं म्हणणं. तेव्हापासून सगळे ‘आपण’. आमचं, आमच्या, आम्हाला, ही भावंडंही एका दिवसात गेली. कुणी चुकून बोललं आणि कुणी कळवलं, की नावापुढे खूण पडायची. तीन खुणा झाल्या की गाडी यायची आणि शिकवणीला न्यायची. खालच्या मजल्यावरचे मास्तर शिकवणीहून परतले, ते स्वतःच्या बायकोला ‘आपण कोण?’ असं विचारू लागले. पहिल्या दिवशी लोक हसले. नंतर त्यांच्या दारावरून जाताना सगळे पायाकडे बघून चालू लागले.

दुसऱ्याचं नाव दिलं की स्वतःच्या खुणा पुसल्या जात. शेजारणीच्या दोन पुसल्या गेल्या होत्या. दोरा मागायला ती हल्ली फार यायची.

सासूबाईंच्या दोन झाल्या होत्या. एक दुकानात, एक दवाखान्याच्या रांगेत. जित्याची खोड म्हणतात ती ही. शिवाय हा शब्द त्यांनी नुसता बोलण्यापुरता वापरला नव्हता, चांगला हाणण्यासाठी वापरला होता. सासू-सुना घरी बसून गणवेशाच्या शर्टांना काजं-बटणं करायच्या. सुनेनं दोरा दातानं तोडला की सासूबाई म्हणायच्या, “आमच्यात असं नसतं. कात्री आहे घरात.” सून मोठ्यानं हसली तरी तेच. आमच्यात असं नसतं. मुलगा लांब खाणीवर, सहा-सहा महिने यायचा नाही, आणि सून बिचारी लग्न होऊनही त्या ‘आमच्यात’च्या बाहेरच.

आणि आता तोच शब्द ती खोकून झाकत होती. सासूबाईंना याची लाज वाटायची. पण लाज गिळता येते. शिकवणीची भीती काही केल्या घशाखाली उतरेना.

सोमवारी त्यांना कार्यालयात बोलावणं आलं.

“मी येते बरोबर,” सून म्हणाली.

“नको. तू गठ्ठा पुरा कर.”

दुपारी त्या परतल्या आणि चपला न काढताच खाटेवर बसल्या. सुनेनं पाणी दिलं. ते हातात तसंच राहिलं.

“काय म्हणाले, आई?”

“काही नाही. समज दिली. वय बघून सोडलं.”

“मग रडताय कशाला? सुटलात की!”

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. सुनेच्या आधी उठून त्या पाणी भरू लागल्या. तिच्या ताटात वाढताना त्यांचा हात सैल सुटायचा, स्वतःच्या ताटात मात्र आखडायचा. सुनेनं एकदा दोरा दातानं तोडला, तर म्हणाल्या, “तोड, तोड. दात आहेत तोवर तोडावा.” सून थक्कच झाली. सूर्य कुठे उगवला म्हणावं!

“आई, माझं काही चुकलं का?”

“तुझं नाही गं. मलाच लाज वाटते.”

“एका शब्दाची कसली लाज? तुम्ही काय चोरी केलीत?”

सासूबाईंना सुई ओवता येईना. डोळ्यांत पाणी असलं की सुईचं भोक कुठे दिसतं?

गुरुवारी मात्र घात झाला. सुनेनं काजांचा अख्खा गठ्ठा एकटीनं संपवला. तिच्या बोटांवर वळ उठले होते. ते सासूबाईंनी पाहिले आणि त्यांच्यानं राहवेना. “बस कर गं,” त्या म्हणाल्या. “तू आमची. आमचीच होतीस पहिल्यापासून.”

सुनेच्या ओठांत सुया होत्या. तिला खोकता आलं नाही. खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच थांबला.

सुनेनं सुया काढल्या, खिडकी लावली. मग आतल्या खोलीचं दार उघडून म्हणाली, “कुणी आलं तर तुम्ही इथं बसायचं. बाहेर यायचं नाही. मी बघते.”

“तू कशाला माझ्यासाठी...”

“मग कुणासाठी?”

सासूबाईंनी तिचा हात धरला. नंतर त्या आत जाऊन बसल्या.

शुक्रवारी दारावर थाप पडली. दोघं होते. थोरला अंमलदार पाठीत किंचित वाकलेला, बोलायला अदबशीर. त्यानं आधी चपला काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं.

“आपल्याला निघायचंय,” तो म्हणाला. “फार सामान नको.”

सुनेनं मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं. फटीतून सासूबाईंचा पदर दिसत होता. ती झटकन त्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आयुष्यात कुणाशी आवाज चढवून न बोललेली ती बाई, तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

“आमच्या आईंना हात लावायचा नाही! आमच्या घरातून कुणी कुठे जाणार नाही!”

धाकटा अंमलदार चपापला. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. थोरल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला.

“त्यांना नाही, ताई. आपल्यालाच न्यायला आलोय,” तो म्हणाला. “आपण असं बोलत असाल, यावर माझा काही विश्वास बसत नव्हता. पण सोमवारी सासूबाई येऊन तीन वेळा ऐकल्याचं सांगून गेल्या, ते खरंच निघालं.”