उसना दिवस

धानाच्या रोवण्याला बाया आज हिच्या, उद्या तिच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उसने दिवस भरतात. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्राध्यापिकांनी तीच रीत धरली होती. एक अडली की दुसरी येऊन तिचे तास घ्यायची. आचलच्या दुखण्यात डिंपल अशीच एक दिवस तिचे तास घ्यायला गेली होती. आचल त्या दुखण्यातून उठली नाही. तेरवीनंतर तिची आई, गिरजाबाई, चामोर्शीहून डिंपलच्या कॉलेजात आली. “माह्या पोरीवर तुमचा एक दिवस राह्यला, म्याडम. मले मशिनी समजत नाई, झाडलोट सांगा.” डिंपलनं सोबत आणलेलं आपलं तान्हं लेकरू म्हातारीच्या मांडीवर दिलं आणि ती तासाला गेली. संध्याकाळी गिरजाबाईनं विचारलं, “फिटला का आचलचा दिवस?” हो म्हटलं की आचलशी उरलेलं देणंघेणं संपणार होतं, दोघींचंही. “कुठी फिटला, बाई?” लेकराचं टोपडं सारखं करत डिंपल म्हणाली. “उद्या जरा लवकर या.”