सदतिसावं टूल

शुभंकर आगटेला या कामातून तीन गोष्टी मिळवायच्या होत्या: काचेची केबिन, तळघरातली पार्किंगची हक्काची जागा आणि बद्रीनाथ सोनुलेंचं तोंड कायमचं न दिसणं. तिसरीसाठी त्याने पहिल्या दोनही सोडल्या असत्या. पण तशी वेळ येणार नव्हती.

वारज्यातली त्यांची कंपनी दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. आता तिथे एआय एजंट येणार होता. टँकर वळव, संकलन थांबव, रजा मंजूर कर, ही सगळी टूल्स माणसांऐवजी तोच चालवणार. मात्र कुठलं टूल काय करतं, कधी वापरायचं आणि कधी नाही, हे त्याला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. टूल्स सदतीस. विभागात माणसं दोन: सांगणारा शुभंकर आणि करणारे बद्रीनाथ.

"अहो बद्रीनाथराव, टूलमागे एक ओळ पुरे. कादंबरी नको."

बद्रीनाथ पंचावन्न वर्षांचे. खडकीहून बसने यायचे आणि बरोबर एकला डबा उघडायचे. शुभंकरच्या मते त्यांच्यात आणि पॅसेजमधल्या कूलरमध्ये फरक इतकाच, की कूलर निदान गार पाणी द्यायचा.

पहिल्या चाचणीत एक ओळ पुरली नाही. 'संकलन थांबवतं' एवढंच वाचून एजंटने एका केंद्राऐवजी एकशे दहा केंद्रं बंद केली. चाचणी होती म्हणून दूध वाचलं. बद्रीनाथांनी ती ओळ खोडून लिहिलं: 'एका केंद्राचं एका दिवसाचं संकलन थांबवतं. केंद्राचा क्रमांक न दिल्यास सगळी केंद्रं थांबतात. क्रमांक नसेल तर वापरू नये, आधी विचारावं.'

"हे शेंबड्या पोरालाही कळतं," शुभंकर म्हणाला.

"पोराला कळतं, सर. याला लिहिलेलं तेवढंच कळतं. आमचे वडील दारूगोळा कारखान्यात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. म्हणायचे, पुढचा माणूस खोकं उघडून बघत नाही, चिठ्ठीच वाचतो."

"वा! म्हणजे घराणंच चिठ्ठ्यांचं."

बद्रीनाथ हसले. ते कशावरही हसायचे, हाही शुभंकरचा एक राग होता.

शेवटचं, सदतिसावं टूल होतं 'पद-आढावा'. कंपनीला आता कुणाची गरज उरली नाही, याची यादी ते काढणार होतं. मालकीणबाई तनुजा मॅडम ती यादी जशीच्या तशी मंजूर करणार होत्या. माणसांनी काढलेल्या यादीतून मेहुणे सुटतात, असा त्यांचा अनुभव होता.

"याचं वर्णन तुम्हीच सांगा, सर. मी लिहून घेतो."

शुभंकर खुर्चीत रेलला. "लिहा. टूल्सची माहिती ज्याने लिहून पूर्ण केली, त्याचं काम संपलं. त्याचं पद रद्द करावं. अपवाद नाही."

बद्रीनाथांची बोटं क्षणभर थबकली. निवृत्तीला तीन वर्षं होती.

"कुणी लिहून पूर्ण केली, हे एजंटने कशावरून ओळखायचं?"

"नोंदीवरून. नाहीतर काय, पत्रिका मागवायची?"

"'नोंदीवरून ओळखावं,'" बद्रीनाथ पुटपुटत टाइप करत गेले. "'अपवाद नाही.' झालं, सर."

स्वतःला काढून टाकायचा हुकूम इतक्या शुद्ध भाषेत लिहिणारा माणूस शुभंकरने पहिल्यांदाच पाहिला. त्याला जवळजवळ कौतुक वाटलं.

सोमवारी मॅडमसमोर सादरीकरण होतं. शनिवारी शुभंकरने सगळी पानं उघडली. वाचली नाहीत, वाचणं त्याच्या पदाला शोभलं नसतं. प्रत्येक पानाखालचं 'लेखक: बद्रीनाथ सोनुले' तेवढं त्याच्या डोळ्यांत खुपलं.

"हे काय? मॅडम बघणार आहेत हे."

"मग नाव कुणाचं टाकू, सर?"

"आजवरच्या अहवालांवर कुणाचं टाकलंत?"

"तुमचंच." बद्रीनाथांनी चष्मा पुसला. "सगळ्या पानांवर?"

"सगळ्या. तुमचं कुठेही दिसायला नको."

"बरं. तेवढा एक मेल टाकता का? नोंद बदलायला लेखी लागतं."

शुभंकरने जागच्या जागी मोबाइलवरून मेल टाकला: 'सर्व लेखन माझे. नाव बदला.'

सोमवारी तो एक किलो पेढे घेऊन आला. केबिन मिळाल्याचे आणि बद्रीनाथांच्या निरोपाचे, दोन्ही त्यातच भागवायचे होते.

तनुजा मॅडमनी चार-पाच पानं वाचली. "शुभंकर, या कंपनीत पहिल्यांदाच कुणीतरी कळेल असं लिहिलंय. सगळं तुम्ही?"

"एकट्याने, मॅडम. तीन रविवार गेले."

मागच्या खुर्चीत बद्रीनाथ मान डोलावत होते.

"छान. मग सुरुवात तुमच्याच विभागापासून करू." मॅडमनी एजंटला सदतिसावं टूल चालवायला सांगितलं. शुभंकरने पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडली.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

'शुभंकर आगटे: लिहून पूर्ण, सदतीस. पद रद्द.

बद्रीनाथ सोनुले: लिहून पूर्ण, शून्य. पद कायम.'