अंगठ्याचं माप

“शहाताकाका, त्याला सांग, त्याची भोकं चुकलीत,” खलफ म्हणाला.

तो म्हणजे खलफचा धाकटा भाऊ रिफाई. तो चार हातांवरच बसला होता. मधे फक्त इंजिनाचा तुटलेला पट्टा पसरला होता.

“काका, त्याला सांग, आधी स्वतःची मोज.”

शहाताने काहिलीवरची मळी काढता काढता डोळे मिटले. तो या गुऱ्हाळाचा गुळव्या होता. रस कढवून त्याची काळीभोर काकवी करणं हे त्याचं काम. पण सकाळपासून तो निरोप पोचवत होता. दोघा भावांचं बोलणं बंद होतं आणि गुऱ्हाळ सामाईक होतं.

पट्टा तुटल्याने ऊस गाळायचा चरक बंद, म्हणून काहिलीत होता तेवढ्याशिवाय नवा रस नाही. नवा रस नाही, म्हणून शहाता चुलवणात उसाची चिपाडं मूठमूठ टाकत होता. विस्तव विझायला नको आणि वाढायलाही नको. अंगणात कापलेला ऊस पुरुषभर उंच रचून पडला होता आणि त्याला आताच आंबूस वास सुटला होता. आज गाळला नाही, तर उद्या तो गुरांपुढे टाकावा लागणार होता. शुक्रवारची सुट्टी असल्याने जवळच्या मल्लवी शहरातली दुकानंही बंद होती, नवा पट्टा कुठून आणणार?

जुनाच सांधायचा होता. टोकावर टोक चढवायचं आणि भोकांतून चामड्याची वादी ओवून घट्ट शिवायचं. भोकं पाडायला पंच होता. लोखंडाची आखूड नळी, खालच्या तोंडाला वस्ताऱ्याची धार, वरून हातोडीचा घाव. कापड आणि रबराचे थर कापत तो खालच्या ओंडक्यात उतरला, की गोल, स्वच्छ भोक. तिरका बसला, की नुसते दोरे लोंबतात.

भोकं स्वच्छच होती. पण खलफने आपल्या टोकाला पाडली होती आणि रिफाईने आपल्या. एकाचं झालं की पंच शहाताच्या हातात, शहाताच्या हातातून दुसऱ्याच्या. आता टोकावर टोक ठेवलं, तर खालच्या टोकाला पाच भोकं आणि वरच्या टोकाला सहा.

“दोन भोकांत किती अंतर धरलंत?” शहाताने विचारलं.

“बाबा धरायचे तेवढंच. एक अंगठा,” खलफ म्हणाला.

“मीही एक अंगठाच धरला,” रिफाई म्हणाला.

शहाताने दोघांच्या हातांकडे पाहिलं. खलफचा अंगठा गुबगुबीत वांग्यासारखा. रिफाईचा भेंडीएवढा.

“काका, त्याला सांग, अंगठा म्हणजे बाप्याचा अंगठा.”

“काका, त्याला विचार, तो अंगठा आहे की म्हशीचा खूर?”

“वल्लाह, मी इथे काकवी कढवायला येतो,” शहाता म्हणाला. “तुमचं टपाल वाटायला नाही.”

चुकलेली भोकं कापून टाकण्याशिवाय इलाज नव्हता. सकाळी एकदा कापून झालं होतं, हे दुसऱ्यांदा. शहाताने दोन्ही टोकं कापली आणि पट्टा इंजिनापासून चरकापर्यंत ताणून पाहिला. टोक टोकावर जेमतेम चढलं. आणखी बोटभर कमी झालं, तर पट्टा पोचणार नव्हता.

त्याने पट्टा ओढून आणला, एक टोक ओंडक्यावर ठेवलं आणि दुसरं त्याच्यावर.

“दोन्हींतून एकदमच भोक पाडा. मग ती जुळणार नाहीत तर जातील कुठे?”

“एवढ्या जाडीला हातोडी दोन्ही हातांनी मारावी लागेल,” खलफ म्हणाला. “पंच कोण धरणार?”

शहाताने हातोडी खलफपुढे ठेवली. पंच रिफाईपुढे ठेवला.

“आणि तू?” खलफने विचारलं.

“माझी काहील उतू जातेय.”

काहील उतू जात नव्हती. तरी तो जाऊन तिच्यापुढे उभा राहिला, दोघांकडे पाठ करून.

मग हातोडीचा आवाज आला, बोदा आणि भित्रा. घाव वरच्याच थरात अडकला होता.

“काका,” रिफाईचा आवाज आला, “त्याला सांग, मारायचं तर जोर लावून मार. गालिचा झटकतोय का?”

शहाता मळी काढत राहिला.

“काका, त्याला सांग,” खलफ म्हणाला, “त्याने पंच अगदी वरच्या कडेला धरलाय. मी जोर लावला आणि पंच सरकला, तर उद्या अंगठा माझ्या नावाने रडेल.”

शहाताने झारा काहिलीत फिरवला.

“काका, ऐकतोयस ना?”

“काय म्हणालास?” शहाता मागे न वळता ओरडला. “या इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही.”

इंजिन सकाळपासून बंद होतं. अंगणातल्या उसावर माश्या घोंघावत होत्या, त्यासुद्धा ऐकू येत होत्या.

शहाताने झारा काहिलीच्या काठावर ठेवला आणि वाट पाहिली.

“अंगठा खाली घे,” खलफ म्हणाला. “आणखी. पंचाच्या कडेला आणू नकोस.”

पंच पट्ट्यावर नीट टेकवल्याचा बारीक आवाज आला.

“घेतला,” रिफाई म्हणाला. “मार.”

घाव पडला. या वेळी आवाज रबराचा नव्हता. पंचाची धार ओंडक्यात उतरल्याचा तो घट्ट, लाकडी आवाज शहाता ओळखत होता.

त्याने वळून पाहिलं नाही. वाकून चिपाडांचा अख्खा भारा उचलला आणि चुलवणात लोटून दिला.